सात बेटांवरची इंग्रज वखार : वर्गात कशी शिकवावी

इतिहासाच्या तासाला ‘इंग्रज’ हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती उभी राहते. डोक्यावर टोपी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात छडी आणि तोंडी मोडकीतोडकी हिंदी. स्नेहसंमेलनातील नाटिकांनी ही आकृती घडविली आहे. हा इंग्रज नेहमी हुकूम सोडीत असतो व भोवतालची मंडळी हात जोडून उभी असतात. तो प्रथम आला तेव्हा कोठे राहिला, काय जेवला, कोणाच्या परवानगीने टिकला, हे प्रश्न मुलांना पडत नाहीत. ‘इंग्रज व्यापारासाठी आले आणि राज्यकर्ते झाले’ या एका वाक्यात दीडशे वर्षांचा काळ गडप झालेला असतो आणि ते वाक्य पाठ झाले की पाठ संपला, असे शिक्षकासही वाटू लागते.

परभणी जिल्ह्यातील शिक्षकापुढे याखेरीज आणखी एक अडचण असते. मानवत, पाथरी, सेलू हा सारा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथील घराघरांतून जुन्या काळाच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत निजाम असतो, रझाकार असतात. इंग्रज कलेक्टर नसतो. निजामाने १७९८ साली इंग्रजांची तैनाती फौज पत्करली होती हे खरे, परंतु गावच्या चावडीवर इंग्रज बसला नव्हता. म्हणून ‘इंग्रजांचे राज्य’ ही येथील मुलाला ऐकीव गोष्ट आहे. ही उणीव मानण्याचे कारण नाही. ज्याच्याविषयी घरून काही ठाम मत मिळालेले नाही, तो विषय मोकळ्या मनाने शिकविता येतो.

शिकविण्यास सर्वांत सोयीचे उदाहरण मुंबईचे आहे. सतराव्या शतकातील मुंबई ही इंग्रजांची या देशातील अगदी आरंभीची वस्ती. तिच्याविषयी पत्रे, हिशेब, करार आणि प्रवाशांची वर्णने विपुल उपलब्ध आहेत. शिवाय शिवचरित्र शिकताना मुले ज्या काळात वावरत असतात, तोच हा काळ होय. त्यामुळे नवा काळ उभा करण्याचे श्रम पडत नाहीत. ओळखीच्या काळातच एक नवे गाव दाखवावयाचे असते.

आरंभ ‘वखार’ या शब्दापासून करावा. इंग्रज आपल्या वखारीस ‘फॅक्टरी’ म्हणत आणि तो शब्द ऐकला की मुलांना धुराडे व यंत्रे आठवतात. तेथे यंत्र एकही नव्हते. व्यापारी अडत्याला इंग्रजीत ‘फॅक्टर’ म्हणत. तो जेथे राहतो व माल साठवितो ती फॅक्टरी. मानवतच्या मुलांना हे समजावून देणे मुळीच अवघड नाही. येथील पेठ कापसाची आहे. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून कापूस येतो, जिनात सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि भाव मिळेपर्यंत माल वखारीत पडून असतो. अडत्या, दलाल, मापारी, हमाल ही माणसे मुलांनी पाहिलेली असतात. नेमके असेच जग सुरतेस १६१३ पासून आणि राजापुरास १६४९ पासून इंग्रजांनी मांडले होते.

माल साठवावा का लागे, हे मात्र वाऱ्याच्या आधारे सांगावे लागते, कारण समुद्र न पाहिलेल्या मुलांना ते आपोआप कळणार नाही. त्या काळची जहाजे शिडाची. नैऋत्येचे मोसमी वारे त्यांना आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याकडे आणीत आणि हिवाळ्यातील ईशान्येचे वारे परत नेत. एका बाजूच्या प्रवासाला सहा-सहा, सात-सात महिने लागत. जहाज बंदरात असे ते थोडे महिने. तेवढ्यात कापड विणवून घेणे शक्य नव्हते. म्हणून वर्षभर दलालांमार्फत विणकरांना आगाऊ पैसे देऊन माल जमवीत राहावे लागे. या आगाऊ पैशाला ‘उचल’ म्हटले की ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला जातात, त्या घरांतील मुलांना अधिक स्पष्टीकरण लागत नाही. उचल घेतलेला माणूस कोणाचा बांधील होतो, हेही त्यांना ठाऊक असते. विलायतेस पाठविलेल्या पत्राचे उत्तर यावयास दीड-दोन वर्षे जात, एवढी एक गोष्ट जोडीला सांगितली म्हणजे वखारीतील माणसांच्या एकाकीपणाची कल्पना येते.

आता मुंबई. येथे शिक्षकाने इंग्रजांपासून आरंभ करू नये. प्रथम सात बेटे दाखवावीत : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. नंतर त्यांवरील माणसे. मासळी मारणारे कोळी, माडी काढणारे भंडारी, सखल जमिनीत भात पिकविणारे कुणबी, मिठागरांत राबणारे आगरी, आणि मुंबादेवी, जिच्या नावावरून बेटाचे नाव पडले असे मानले जाते. इंग्रजांच्या आधी सव्वाशे वर्षे येथे पोर्तुगीज होते. त्यांची खूण बेटावर शोधण्याची गरज नाही; ती मराठी बोलीतच आहे. बटाटा, पाव, चावी, घमेले, तुरुंग हे शब्द त्यांच्याकडून आले. दरमहा शिक्षकाच्या हाती पडणारा ‘पगार’ हाही मूळ पोर्तुगीज शब्दच. हे फळ्यावर लिहिले असता मुलांना मोठी गंमत वाटते आणि तीनशे-चारशे वर्षांचे अंतर एकदम कमी होते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार १६६१ मध्ये झाला व त्यात मुंबई बेट इंग्रजांना देण्याचे ठरले. ‘मुंबई आंदण दिली’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. पण ते घाईने उरकू नये. ज्यांचे घर, होडी, शेत त्या बेटावर होते त्यांना कोणी विचारले नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनाही हा व्यवहार मान्य नव्हता. अब्राहम शिपमन याच्याबरोबर सुमारे चारशे शिपाई घेऊन इंग्रज आरमार १६६२ मध्ये आले, तेव्हा त्यांना बेटाचा ताबा मिळाला नाही. हे शिपाई कारवारनजीक अंजदीव बेटावर अडकून पडले. तेथे रोगराईने त्यांचा फडशा पाडला. शिपमनही १६६४ मध्ये तेथेच मेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, त्या वेळी चारशेंपैकी शंभराच्या आसपासच माणसे उरली होती. पुढे जगातील एका मोठ्या नगराची सत्ता ज्यांच्या हाती जाणार होती, त्यांचा प्रवेश हा असा झाला.

राजाला हे बेट परवडेना. १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले, वर्षाला सोन्यात १० पौंड खंडाने. त्याच सुमारास कंपनीच्या सर्वांत खालच्या कारकुनाला वर्षाचा पगार १० पौंडच होता. त्यावरच्या फॅक्टरला २०, व्यापाऱ्याला ३० आणि वरिष्ठ व्यापाऱ्याला ४०. एका कारकुनाचा वर्षाचा पगार आणि सबंध बेटाचा वर्षाचा खंड सारखाच, ही गोष्ट मुलांना स्वत:हून शोधू द्यावी. आकडे फळ्यावर मांडून ‘यांत काय दिसते?’ एवढेच विचारावे व थांबावे. इतक्या थोड्या पगारावर माणसे घर सोडून का येत, असा प्रश्न पुढे आपोआप निघतो. उत्तर असे की, कंपनीच्या कामाबरोबर स्वत:चा खासगी व्यापार करून ती पैसा मिळवीत. पगार हे निमित्त होते.

वस्तीचे दर्शन घडविण्यास जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा आधार घेता येतो. तो १६७३ मध्ये मुंबईस आला. त्याने पाहिलेले गाव साधारण मैलभर लांबीचे होते. घरे ठेंगणी, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली. पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली थोडी घरे तेवढी पक्की. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती. किल्ला म्हणजे एका जुन्या पोर्तुगीज वाड्याभोवती घातलेला तट. देवळासारखी उंच इमारत इंग्रजांची एकही नव्हती. त्यांचे सेंट टॉमसचे चर्च पूर्ण होऊन उघडले ते १७१८ मध्ये. मुलांनी खेड्यात पाहिलेले छपराचे घर आणि हे वर्णन यांची तुलना करावयास सांगितली तर नाटिकेतील इंग्रज आपोआपच लहान होतो.

जेवणाची गोष्ट मुलांना फार आवडते, म्हणून तिला वेळ द्यावा. सुरतेच्या वखारीत सर्वजण दर्जाप्रमाणे क्रम लावून एकाच मेजावर जेवीत, आणि स्वयंपाकाला इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तीन आचारी असत. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सक्तीची होती. अशी शिस्त वसतिगृहात राहिलेल्या मुलांना अपरिचित नाही. मुंबईतील साध्या शिपायाचे जेवण इतके थाटाचे नव्हते. तांदूळ, मासळी आणि नारळ यांवर त्याचा निर्वाह चाले, आणि दु:ख विसरण्यास ताडामाडाची दारू सहज मिळे. तिच्या मक्त्यातून कंपनीलाच उत्पन्न होत असल्यामुळे शिपायांच्या व्यसनाची तक्रार करणारी कंपनी ते व्यसन विकतही होती. वरच्या वर्गातील मुलांना ही विसंगती कळते. खालच्या वर्गात ती सांगण्याची आवश्यकता नाही.

मृत्यू हा या वस्तीतील रोजचा पाहुणा होता. जॉन ओव्हिंग्टन नावाचा धर्मोपदेशक १६९० मध्ये मुंबईस उतरला. त्याच्या जहाजातून आलेल्या २४ उतारूंपैकी सुमारे २० जण पावसाळा संपण्यापूर्वीच मेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. नवा आलेला इंग्रज दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही, अशी समजूतच पडली होती. वीस इंग्रज बालकांतून एखादेच बालपण ओलांडी. कंपनीने शिपायांशी लग्न करण्यासाठी इंग्लंडहून स्त्रिया पाठविल्या. त्यांची व त्यांच्या मुलांची दशा वेगळी झाली नाही. हे आकडे वर्गात सांगताना तारतम्य हवे. ज्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल त्याच्यासमोर मरणाची गणिते मांडू नयेत.

रोगाचे कारण इंग्रजांनी हवेत शोधले. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची तेथे रीत होती. त्या दुर्गंधीने हवा विषारी होते असे ते म्हणत. खरे कारण पाण्यात होते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटांमधील सखल भाग दलदलीचा होऊन राही. हा भाग शिकविण्यासाठी शाळेच्या अंगणात मातीची सात बेटे करावीत, मध्ये खोलगट जागा ठेवावी आणि पश्चिमेकडून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी कोठे साचते ते पाहिल्यावर डास कोठे होत असतील हे मुलेच सांगतील. ते खिंडार बांध घालून बुजविण्यास पुढे सुमारे १७८४ साल उजाडले. हिवतापाचा डासाशी असलेला संबंध तर त्यानंतरही शतकभर कोणास उमगला नव्हता. रोनाल्ड रॉस याने १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो सिकंदराबादेस, म्हणजे ज्या संस्थानात तेव्हा मानवत होते त्याच हैदराबाद संस्थानात. विज्ञानाच्या तासाला जोडून घेण्याजोगा हा दुवा आहे.

येथपर्यंत आल्यावर पाठाचा गाभा येतो. ही वस्ती स्वत:च्या बळावर जगत नव्हती. बेटावर पुरेसे धान्य पिकत नसे, जळाऊ लाकूडही नव्हते. ते यावयाचे समोरच्या मुलखातून, कल्याण, पेण, नागोठणे या बाजूंनी. तो मुलूख बराचसा शिवाजी महाराजांच्या अमलाखाली. ठाणे व करंजा येथे पोर्तुगीजांची नाकी. तेथून जाणाऱ्या मालावर ते जकात घेत. पाण्यात जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे चुलीतले लाकूड आणि ताटातला भात यांसाठी इंग्रजांना तिघांची मर्जी सांभाळावी लागत होती.

शिवचरित्राशी सांधा येथेच जुळतो. सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा दिला तेव्हा १६६० मध्ये राजापूरच्या इंग्रजांनी तोफा व दारूगोळा घेऊन त्याला साहाय्य केले. मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैद केले. त्यांतील काहींना सुटका मिळण्यास १६६३ साल लागले. सुरतेवर १६६४ व १६७० मध्ये स्वाऱ्या झाल्या. इतके होऊनही १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील नजराणे घेऊन रायगडावर हजर होता. बरोबर दुभाषी नारायण शेणवी होता. राजापूरच्या नुकसानीची भरपाई आणि मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक या गोष्टी इंग्रजांना हव्या होत्या. बहुतेक कलमे मान्य झाली. इंग्रजांची फुटलेली जहाजे व त्यांतील माल परत करण्याचे कलम महाराजांनी नाकारले, कारण किनाऱ्यावरची पूर्वापार रीत तशी नव्हती. हा तपशील शिक्षकांनी अवश्य सांगावा : कोण मागत होता आणि कोण देत होता, हे त्यातून विनासायास कळते.

याच भेटीतील एक प्रसंग मुले विसरत नाहीत. गडावर इंग्रजांसाठी रोज बोकडाचे मांस लागे. ते पुरविणारा खाटीक वृद्ध होता. तरीही गड चढून तो त्यांना पाहावयास आला. वर्षानुवर्षांत गडावर खपले नसेल इतके मांस थोड्या दिवसांत संपविणारी ही माणसे आहेत तरी कशी, ही त्याची जिज्ञासा! इंग्रजांविषयी आपल्या लोकांनी काय लिहिले ते फारसे उपलब्ध नाही. परंतु आपल्या लोकांनी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले त्याची ही एक झलक इंग्रजांनीच टिपून ठेवली आहे. त्या नजरेत भीती नाही, आदर नाही, निव्वळ कुतूहल आहे.

मग प्रश्न राहतो तो असा : इतकी दुबळी, रोगट, परावलंबी वस्ती वाढली कशी? ‘इंग्रज कपटी होते’ हे उत्तर वर्गात हमखास येते. ते सर्वस्वी चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कपट इतरांनाही येत होते. जेरल्ड ऑन्जियर हा १६६९ ते १६७७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने ओळखले की बेटावर माणसे आल्यावाचून व्यापार येणार नाही, आणि माणसे येण्यासाठी त्यांना निर्धास्त वाटले पाहिजे. शेजारच्या पोर्तुगीज मुलखात धर्माच्या बाबतीत जाच होता. सुरतेसही व्यापारी स्वस्थ नव्हते. ऑन्जियरने विणकरांना बोलाविले, जुन्या जमीनदारांशी वार्षिक रक्कम ठरवून तडजोड केली, निरनिराळ्या जातींना आपले तंटे आपल्या पंचांकडून मिटविण्याची मुभा दिली आणि १६७२ मध्ये न्यायालय उघडले. भंडारी व इतर रहिवासी यांचे पहाऱ्याचे पथक उभारले. इंग्रज सत्तेपूर्वी बेटांवर १० हजार लोक होते व फ्रायरच्या वेळी ६० हजार झाले असा तेव्हाचा अंदाज आहे.

दीवच्या निमा पारख या व्यापाऱ्याने १६७७ मध्ये मुंबईस येण्यापूर्वी कंपनीकडे अटी घातल्या. घर व वखार यांसाठी बिनभाड्याची जागा मिळावी. आपल्या घरी आपल्या धर्माचे आचरण करता यावे. त्याच्या आवारात परधर्मीयाने राहू नये व कोणी जीवहत्या करू नये. प्रेतदहन व विवाह आपल्या रीतीने करता यावेत. आपल्या माणसांवर धर्मांतराची अथवा ओझे वाहण्याची सक्ती नसावी, पहाऱ्याचे काम पडू नये. कंपनीने त्या बहुतांशी मान्य केल्या. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी याहून उत्तम वाचनपाठ सापडणे कठीण. अटी एकेक करून फळ्यावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे विचारावे, ‘ही अट त्याने का घातली असेल?’ ज्या गोष्टीची माणसाला धास्ती असते तीच तो लिहून घेतो. धर्मांतराची अट वाचून शेजारच्या मुलखात काय घडत होते ते कळते. ओझ्याची अट वाचून वेठबिगार कळते. वेठीची आठवण मराठवाड्याच्या खेड्यांत अद्याप पुसलेली नाही. निमा पारख वजनदार म्हणून त्याला अटी घालता आल्या. ओझे वाहणाऱ्याला त्या कोण देणार होते, हा पुढचा प्रश्न. तो एखादे मूल विचारील. कोणीच न विचारल्यास शिक्षकाने विचारावा.

सुरतेचा दलाल भीमजी पारख याचीही हकीगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आपल्याकडील जुने ग्रंथ छापावेत या हेतूने त्याने कंपनीमार्फत छापखाना मागविला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक आला. पण देशी अक्षरांचे खिळे पाडणे त्याला जमले नाही आणि बेत फसला. इंग्रजांनी सारे आणून दिले व आपण नुसते घेतले, या समजुतीला ही हकीगत छेद देते.

वस्तीचा आलेख सरळ वर चढला असेही मुलांना वाटू देऊ नये. शिपायांच्या पगारात व सवलतींत काटछाट झाल्यामुळे रिचर्ड केग्विन याच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या फौजेने डिसेंबर १६८३ मध्ये बंड केले आणि सुमारे वर्षभर बेट कंपनीच्या हातून गेले. पुढे जॉन चाइल्डने मोगलांशी कलह आरंभला, तेव्हा १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान बेटावर उतरला. त्याने माझगाव घेतले. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. औरंगजेबाची क्षमा मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून त्यांची सुटका झाली. १७१५ च्या सुमारास बेटाची वस्ती १६ हजारांवर आली होती असा अंदाज आहे. १०, ६० आणि १६ या तीन आकड्यांचे स्तंभ मुलांनी चौकटीच्या वहीत काढावेत. इंग्रजांचा विजय अटळ होता हा भ्रम त्या तीन स्तंभांनी जितका दूर होतो तितका व्याख्यानाने होत नाही.

तौलनिक अभ्यासाची आवड असलेल्या शिक्षकांनी अमेरिकेतील जेम्सटाउनचा उल्लेख करावा. १६०७ मध्ये तेथे उतरलेल्या सुमारे १०४ इंग्रजांपैकी पहिल्या काही महिन्यांनंतर ३८ उरले होते. मरणाचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच भीषण. परंतु ते लोक जमीन कसण्यास व कायमचे राहण्यास गेले होते, आणि मूळच्या रहिवाशांना हटविल्याखेरीज त्यांचे पोट भरणार नव्हते. मुंबईच्या इंग्रजाला परत जावयाचे होते. त्याला जमीन नको होती, माल हवा होता. म्हणून येथील विणकर, दलाल, दुभाषी आणि कोळी यांच्यावाचून त्याचे चालत नव्हते. एकाच राष्ट्राची माणसे, पण गरज वेगळी म्हणून वस्तीचा प्रकार वेगळा. ‘वसाहत’ हा एकच शब्द दोहोंना लावताना हा भेद सांगावा.

नाट्यीकरण करावयाचे झाल्यास टोपी आणि छडी पेटीतच राहू द्यावी. भूमिका वाटताना एकच इंग्रज कारकून असावा, तोही तापाने फणफणलेला. बाकी मुलांनी कोळीण, भंडारी, मिठागरवाला आगरी, नागोठण्याहून लाकूड आणणारा नावाडी, जकातीवरचा पोर्तुगीज, विणकर, दुभाषी व्हावे. कारकुनाला एक दिवस जगवावयाचे आहे, एवढेच कथानक पुरते. प्रत्येकाने आपण त्याला काय देतो व बदल्यात काय घेतो ते स्वत:च्या बोलीत सांगावे. मानवतकडील मुले कोळिणीची भाषा म्हणून चित्रपटातील भाषा बोलू पाहतात. ती बोलू देऊ नये, आपली रोजची बोलीच चांगली. आणि कोळिणीने स्वत: काही लिहून ठेवलेले नाही, तिच्याविषयी जे कळते ते परक्यांच्या कागदांतून, हे खेळ संपल्यावर एकदा सांगावे, आपल्या आजीने तरी काय लिहून ठेवले आहे, असे मुले विचारू लागतात, आणि त्यातून एखाद-दुसरे मूल आजीची हकीगत उतरवून आणते. ती तपासण्याच्या वहीत न ठेवता वर्गात वाचून दाखवावी.

पाठाला चार तासिका पुरतात. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीने अंगणातील बेटे व वाऱ्याचे दिनदर्शक करावे, त्याच वेळी पाचवीने निमा पारखाच्या अटी वाचाव्यात. शेवटच्या तासिकेला सर्वांनी एकत्र बसून नाट्य करावे. बेटांची माती पावसाळ्यापूर्वी भरून ठेवावी. पहिल्या पावसानंतर अंगणात पाणी आपोआपच साचते, तेव्हा तांब्याची गरज राहत नाही. मात्र पाठ झाल्यावर ते साचलेले पाणी मुलांकडूनच काढून टाकावे.